खान नूनियन सिंग गोरा कसा झाला?

ऑगस्ट २०१३मध्ये लास व्हेगासला ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचं संमेलन भरलं होतं. तिथे जमलेल्या मंडळींनी तोवर आलेल्या सगळ्या ट्रेक सिनेमांची क्रमवारी लावली. पहिला आला १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’. तळाला गेला तीनच महिन्यांपूर्वी झळकलेला ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’. गंमत अशी की दोन्ही सिनेमांत खलनायक एकच आहे, खान नूनियन सिंग. नाव तेच, पूर्वेतिहास तोच, आणि एकाला डोक्यावर घेतलं तर दुसऱ्याला पार पायरीवर बसवलं.

या तळाच्या सिनेमाने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलरचा धंदा केला. आजवरच्या दुसऱ्या कुठल्याही ट्रेक सिनेमाला ते जमलेलं नाही. त्यामुळे निर्मात्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं उत्तर तयारच असतं: चित्रपटगृहं भरली, मग मूठभर जुन्या भक्तांची कुरकुर कशाला ऐकायची? नव्या सिनेमांत जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी झालेला खुद्द सायमन पेग त्या क्रमवारीवर चांगलाच भडकला होता. मला मात्र चाहत्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं वाटतं. सगळंच नाही. त्यातलं निम्मं नुसतं स्मरणरंजन आहे, पण उरलेल्या निम्म्यात सिनेमा लिहिणाऱ्यांना न सुचलेले प्रश्न आहेत.

ज्यांना या विश्वाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘एंटरप्राइज’ या अंतराळजहाजावरच्या मंडळींची जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका अमेरिकेत एनबीसीवर १९६६ ते १९६९ अशी चालली, ७९ भाग झाले. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. भावना आवरून तर्काने चालणाऱ्या परग्रहावरच्या स्पॉकचे टोकदार कान आणि बोटांत फट पाडून केलेला तो नमस्कार, एवढं तरी त्या पिढीला आठवतंच. २००९मध्ये जे. जे. अब्राम्स यांनी हीच पात्रं नव्या नटांसह पुन्हा उभी केली. त्यासाठी पटकथाकारांनी मोठी हुशारीची युक्ती काढली. नेरो नावाचा रोम्युलन, म्हणजे एका शत्रू परग्रहाचा रहिवासी, भविष्यातून २२३३ सालात येतो आणि पुढे जहाजाचा कप्तान होणारा जेम्स कर्क जन्मतो त्याच दिवशी त्याच्या वडिलांचा जीव जातो. तिथून काळाला दुसरा फाटा फुटतो. माणसं तीच, आयुष्यं वेगळी. जुनं काही पुसलं नाही आणि नव्याला मोकळं रान मिळालं.

इथवर बहुतेकांची तक्रार नव्हती. भांडण सुरू झालं ते व्यक्तिरेखांवरून. कर्क असा नाही, स्पॉक असं करणार नाही, उहुराला हे शोभत नाही. अशा वादात नवा नट जुन्यासारखा दिसतो का, बोलतो का, यावरच सगळी शक्ती खर्च होते. मला ते गौण वाटतं. आपल्याकडे गणपतराव बेलवलकर डॉ. लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. कुणाचे गणपतराव खरे यावर लोक तावातावाने भांडले, पण संहिता शिरवाडकरांचीच होती. रीबूटमध्ये, म्हणजे जुनी गोष्ट अशी नव्याने सुरू करताना, नटाबरोबर संहिताही बदलते. म्हणून पात्र मूळ गोष्टीत जे काम करत होतं, ते नव्या गोष्टीत करतंय का, हे आधी बघायला हवं. चाहते घसरतात ते नेमके इथेच. शिव्या नवा कर्क झालेल्या ख्रिस पाइनला घालतात, खरं तर त्या पटकथेला पडायला हव्यात.

कर्कचंच घ्या. लोकांच्या डोक्यातला कर्क म्हणजे बायकांमागे धावणारा, नियम धाब्यावर बसवणारा, आधी ठोसा आणि मग विचार अशा वळणाचा कप्तान. २००९चा सिनेमा याच कर्कवर बेतलेला आहे. लहानपणी तो मोटार दरीत घालतो, आयोवातल्या बारमध्ये मारामारी करतो, अवकाश-अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत हिरव्या कातडीच्या मुलीच्या पलंगाखाली लपतो. आता जुने भाग काढून बघा. मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या भागात गॅरी मिचेल हा त्याचा जुना मित्र सांगतो की अकादमीतला कर्क म्हणजे पाय फुटलेली पुस्तकांची चळत होता. दुसऱ्या एका भागात कर्क स्वतःच कबूल करतो की विद्यार्थी असताना आपण भलतेच गंभीर होतो, आणि म्हणूनच फिनेगन नावाचा वरच्या वर्गातला टवाळ आपल्याला छळायचा. आणखी एका भागात ‘फॅरागट’ जहाजावरची अकरा वर्षांपूर्वीची घटना त्याला खात असते. तरुण अधिकारी असताना आपण क्षणभर कचरलो म्हणून माणसं मेली, ही टोचणी त्याच्या मनातून जात नाही. हा कर्क बायकांच्या बाबतीत संत नव्हता, पण वाचणारा, हिशेब ठेवणारा आणि चुकीची किंमत जाणणारा माणूस होता.

म्हणजे नव्या कर्कला नावं ठेवणारे ज्या कर्कची आठवण काढतात, तोही पुष्कळदा मूळ कर्क नसतो. विडंबनांनी आणि नकलाकारांनी मधल्या चाळीस वर्षांत घडवलेला तो पुतळा आहे. त्याच पुतळ्याला पटकथाकारांनी हार घातला आणि चाहत्यांनी दगड मारले.

पण एक जागा अशी आहे जिथे तक्रार अचूक आहे. १९८२च्या सिनेमात उतारवयाकडे झुकलेला कर्क सफरचंद खात खात सांगतो की ‘कोबायाशी मारू’ ही हमखास नापास करणारी परीक्षा आपण संगणकाचा प्रोग्रॅम बदलून जिंकली आणि वर कल्पकतेबद्दल शाबासकी मिळवली. बोलताना त्याला स्वतःचं मोठं कौतुक आहे. पुढे तोच सिनेमा त्याला त्या कौतुकाचं बिल देतो. मरणाला आजवर चकवत आलेल्या माणसाला काचेपलीकडे स्पॉकचा मृत्यू बघावा लागतो. २००९मध्ये परीक्षेचा तो प्रसंग प्रत्यक्ष दाखवला आहे, पाइनच्या हातात सफरचंदही आहे, चेहऱ्यावर तोच तोरा आहे. सफरचंद उचललं आणि बिल तिथेच ठेवलं. चौकशीला सामोरा जाणारा हा निलंबित विद्यार्थी सिनेमा संपता संपता ‘एंटरप्राइज’चा कप्तान होतो. वडिलांविना वाढला म्हणून उद्धट झाला हे पटतं. उद्धटपणाची बक्षिशी म्हणून जहाज मिळालं हे पटत नाही. त्यात पाइनचा दोष नाही, कारण २०१६च्या ‘बियॉन्ड’मध्ये कप्तानपदच सोडावं का अशा विचारात पडलेला थकलेला कर्क लिहून मिळाला, तेव्हा त्याने तो छान पेलला.

डॉक्टर मकॉय झालेल्या कार्ल अर्बनबद्दल भांडण जवळजवळ झालंच नाही. डीफॉरेस्ट केलीची चिडचिड, हेल, भुवया, सगळं त्याने असं उचललं की जुने लोक खूश झाले. पण जुन्या मालिकेत एका बाजूला स्पॉकचा तर्क, दुसऱ्या बाजूला मकॉयचं काळीज, आणि दोघांचं ऐकून निर्णय घेणारा कर्क मधे, अशी ती मांडणी होती. पहिल्या दोन नव्या सिनेमांत मकॉयच्या वाट्याला चटकदार वाक्यं आली, कर्कला अडवायचं त्याचं काम मात्र गेलं. त्याबद्दल फारशी ओरड झाली नाही, कारण दिसायला तो हुबेहूब होता ना!

उहुराची गोष्ट याच्या उलट. निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, ही आठवण त्या स्वतःच सांगत. साठच्या दशकात अमेरिकी पडद्यावर एक काळी बाई जहाजाच्या नियंत्रणकक्षात अधिकारी म्हणून बसते, हीच मोठी गोष्ट होती. पण लिहिणाऱ्यांनी तिला दिलं काय? कानात यंत्र आणि संदेश आल्याची वर्दी. १९९१च्या सिनेमात तर क्लिंगॉन या परग्रहवासी शत्रूंच्या भाषेसाठी ती जाडजूड पुस्तकं चाळत धांदल करताना दिसते, संपर्क अधिकारी असून! झोई साल्दानाची उहुरा रोम्युलनांच्या तिन्ही बोली ओळखते आणि पुढच्या सिनेमात क्लिंगॉनांसमोर एकटी जाऊन त्यांच्याच भाषेत बोलते. मूळ मालिकेने कागदावर दिलेलं पद तिने पहिल्यांदा वापरून दाखवलं. ‘ही आमची उहुरा नव्हे’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुमच्या उहुराला जे मिळायला हवं होतं ते हिला मिळालं. स्पॉकशी प्रेम जुळवलं म्हणून कपाळावर आठ्या घालणाऱ्यांनी १९६६मध्ये मालिका सुरू झाली त्या पहिल्याच महिन्यातला तो भाग आठवावा, ज्यात स्पॉक वाद्य छेडतो आणि उहुरा गाण्यातून त्याची फिरकी घेते. बी तिथेच पडलेलं आहे. खटकतं ते एवढंच की जीव मुठीत धरून शत्रूच्या ग्रहावर निघालेल्या यानात ती दोघं कप्तानासमोर घरगुती भांडण काढून बसतात. कामावर असलेला अधिकारी असं करत नाही.

स्पॉकबद्दलचा आक्षेप ठरावीक आहे: झॅकरी क्विंटोचा स्पॉक फार रागावतो. पण लिओनार्ड निमॉयचा स्पॉकही, मेला असं वाटलेला कर्क समोर उभा दिसताच त्याला दंडाला धरून हसला होता. ते हसू अजून लोकांच्या लक्षात आहे, कारण त्याच्या आगेमागे कित्येक तास कोरा चेहरा होता. क्विंटोच्या स्पॉकची आई गेली, अख्खा ग्रह गेला. त्याने कर्कची गचांडी धरली तर मी त्याला बोल लावणार नाही. मात्र २०१३मध्ये काचेपलीकडे कर्क मरतो आणि अलीकडे स्पॉक ‘खान’ म्हणून आकांत करतो, ती १९८२च्या प्रसंगाची उलटी छापलेली प्रत आहे. तेव्हाच्या मरणामागे कित्येक वर्षांची मैत्री होती. इथे दोघांची धड ओळख होतेय तोवर हुंदका मागितला जातो, आणि थोड्याच वेळात खानच्या रक्ताने कर्क उठूनही बसतो.

जहाज चालवणाऱ्या सुलूवरून झालेला वाद मला सगळ्यांत शहाणा वाटतो. ‘बियॉन्ड’मध्ये जॉन चोच्या सुलूला जोडीदार पुरुष आहे आणि दोघांना एक मुलगी आहे, असं काही सेकंदांत दाखवलं. मूळ सुलू जॉर्ज टाकेई स्वतः समलिंगी, २००५पासून उघडपणे. त्यांच्या सन्मानार्थच हे केलं होतं. आणि नाराजी व्यक्त केली ती टाकेईंनीच! रॉडनबेरींनी सुलू तसा कल्पिला नव्हता, तुम्हाला समलिंगी पात्र हवं तर नवं निर्माण करा, असं त्यांचं म्हणणं. त्या सिनेमाचा सहलेखक असलेल्या पेगने आदराने पण ठाम उत्तर दिलं: नवं पात्र आणलं असतं तर प्रेक्षकांनी त्याला आधी ‘तो समलिंगी’ म्हणून ओळखलं असतं आणि माणूस म्हणून नंतर. सुलूला लोक आधीच ओळखतात, ही त्यातली जमेची बाजू. मी पेगच्या बाजूचा. सुलूचं जहाजावरचं काम, त्याची तडफ, त्याचं स्थान, काहीच हललं नाही. त्याला घर मिळालं एवढंच. दोघांनीही एकमेकांना मूर्ख न ठरवता वाद घातला, हे सध्याच्या दिवसांत अपूर्वाईचं.

आता खान. मूळ भाग फेब्रुवारी १९६७चा. अवकाशात तरंगणाऱ्या जुन्या जहाजात माणसं गोठवलेल्या अवस्थेत झोपलेली सापडतात. काचेआड झोपलेल्या पुढाऱ्याकडे बघत ‘एंटरप्राइज’वरची इतिहासतज्ज्ञ मार्ला मगायव्हर्स म्हणते की हा उत्तर भारतातला दिसतो, बहुधा शीख. पुढे ती त्याचं फेट्यातलं चित्रही रंगवते. कळतं असं की हा जनुकीय प्रयोगातून जन्मलेला अतिमानव आहे आणि १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर त्याची हुकमत होती. (नव्वदच्या दशकात आपण काय करत होतो ते आठवून हसू येतं, पण १९६७ला ते दूरचं भविष्य होतं.)

हे चित्रण शीख समाजाचं खरं चित्रण होतं असा दावा मी करणार नाही. खान आणि सिंग एका नावात, मधे ‘नूनियन’ असं कुठल्याच भारतीय भाषेत न सापडणारं काहीतरी, दाढी नाही, आणि भूमिकेत मेक्सिकोचे रिकार्डो माँटल्बान, तेही चेहरा सावळा रंगवून. हॉलिवुडला त्या काळी भारत एवढाच माहीत होता. बारा वर्षांनी, १९७९च्या पहिल्या ट्रेक सिनेमात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाला महत्त्वाची भूमिका मिळाली, ती डोकं तासून परग्रहवासी होण्याची. भारतीयाची भूमिका मेक्सिकन माणसाला आणि भारतीय बाईला परग्रह, असा तो न्याय.

तरीही त्या खानमध्ये एक महत्त्वाची गोष्ट होती. पहिल्या मसुद्यांमध्ये हा खलनायक हॅराल्ड एरिक्सन नावाचा नॉर्डिक होता. नंतर तो खान झाला. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. श्रेष्ठ वंश, सुधारित माणूस ही स्वप्नं कुणी पाहिली आणि त्यांत श्रेष्ठाचा रंग कोणता होता, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. अशा वेळी प्रयोगशाळेतून निघालेला सर्वांत बलवान, सर्वांत बुद्धिमान माणूस म्हणून पडद्यावर सावळा भारतीय उभा राहतो. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला हा चांगलाच टोला होता, लिहिणाऱ्यांच्या मनात तो कितपत होता कोण जाणे. शिवाय खान नुसता दुष्ट नव्हता. एका बैठकीत स्कॉटी कबूल करतो की या हुकूमशहाबद्दल आपल्याला छुपं कौतुक आहे, कर्क त्याला दुजोरा देतो, खानच्या राज्यात कत्तली झाल्या नाहीत असं स्कॉटी म्हणतो, आणि स्पॉक चकित होऊन दोघांकडे बघत राहतो. शेवटी कर्क त्याला तुरुंगात न धाडता एक उजाड ग्रह देऊ करतो. खान उलट विचारतो, मिल्टन वाचला आहे का? (या इंग्रज कवीच्या महाकाव्यातला सैतान म्हणतो, स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य केलेलं बरं.)

२०१३मध्ये या जागी बेनेडिक्ट कंबरबॅच आला. आधी बेनिसिओ देल तोरोशी बोलणी झाली होती, ती फिसकटली. कंबरबॅच उत्तम नट आहे, आवाज तर असा की तुरुंगाच्या काचेआडून तो बोलायला लागला की समोरचे दोघं फिके पडतात. त्याच काचेआडून तो जाहीर करतो, माझं नाव खान. तीनच वर्षांपूर्वी शाहरुख खानने हेच वाक्य ‘मी दहशतवादी नाही’ या पुस्तीसह म्हटलं होतं, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला तिथे भलतंच आठवणार. इकडचा खान तर लंडनमध्ये बाँबस्फोट घडवून आलेला आहे.

पटकथाकार रॉबर्टो ऑर्सी यांनी नंतर जे कारण दिलं ते मला अप्रामाणिक वाटत नाही. सावळ्या, विशेषतः मध्यपूर्वेतल्या वाटणाऱ्या माणसाला राक्षस म्हणून रंगवणं आपल्याला नकोसं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत फेटेवाल्या शिखांवर हल्ले झाले, हे आपण जाणतो. भीती खरीच होती. पण ती उपटली कुठून? मूळ खान बाँब पेरणारा नव्हताच. त्याला दहशतवादी केलं याच पटकथेने. आधी व्यक्तिरेखा बदलली, मग बदललेल्या व्यक्तिरेखेला आता सावळा रंग शोभणार नाही म्हणून रंग काढून टाकला, आणि नाव तेवढं ठेवलं, कारण तिकिटं नावावर खपतात. रंगाची लाज वाटत होती तर जॉन हॅरिसन हे सिनेमातलं पहिलं नावच कायम ठेवायचं होतं. कुणी हरकत घेतली नसती.

काळाच्या फाट्याची पळवाटही इथे बंद आहे. फाटा फुटला २२३३मध्ये आणि खान पृथ्वी सोडून गेला १९९६मध्ये. नेरोच्या उपद्व्यापाने कर्कचा स्वभाव बदलेल, दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्याची कातडी कशी बदलेल? हा प्रश्न चाहत्यांनी इतका लावून धरला की त्याच वर्षी सुरू झालेल्या एका कॉमिकमध्ये खुलासा करावा लागला: गुप्तहेर खात्याने खानचा चेहरामोहराच बदलला होता. चाहत्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. प्रश्न पोरकट असता तर निस्तरायला वेगळं पुस्तक काढावं लागलं नसतं.

दुसरं असं की सावळा नट आदराच्या भूमिकेत घेणं याच निर्मात्यांना जमत होतं. २००९च्या सिनेमाच्या पहिल्या काही मिनिटांत ‘केल्विन’ जहाजाचा कप्तान रोबाऊ आहे फरान ताहिर. ‘अनारकली’ नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांचा हा नातू. टक्कल, शांत डोळे, शत्रूच्या जहाजावर एकटा जातानाही पाऊल अडखळत नाही. पाच-सात मिनिटांत मरतो, तरी लोकांना तो आवडला. अशाच ताकदीच्या एखाद्याला चार वर्षांनी खान दिला असता, मिल्टन विचारणारा खान, तर त्या लास व्हेगासच्या यादीत काय झालं असतं कोण जाणे. निदान ‘श्रेष्ठ माणूस’ पुन्हा गोरा झाला नसता.

सप्टेंबर २०२५मध्ये ‘स्टार ट्रेक: खान’ ही श्राव्यमालिका सुरू झाली. उजाड ग्रहावर सोडून दिल्यानंतरच्या वर्षांत खानचं काय झालं, याची ती कथा आहे. त्यात खान झाला आहे नवीन अँड्र्यूज, केरळी आईवडिलांच्या पोटी लंडनला जन्मलेला नट. पहिल्यांदा हे पात्र पडद्यावर आलं त्याला तोवर ५८ वर्षं झाली होती. अखेर भारतीय वंशाचा नट निवडला, तोही जिथे चेहरा दिसत नाही अशा माध्यमात. निवड चांगली आहे. पुढचा सिनेमा निघेल तेव्हा हाच धीर कॅमेऱ्यासमोर दाखवतात का, एवढं मला बघायचं आहे.